गुणाच्या पोरीला मिरचीची धुरी

मंगळवारच्या बाजारासाठी गोकुळा टोपलीत मासोळ्या भरत होती. गोंडपिपरीकडची ढिवरांची वस्ती, सकाळची गडबड. तिची सतरा वर्षांची डिंपल शेजारी बसून तराजू पुसत होती. पुसलेला तराजू पुन्हा पुसत होती. दाराची कडी तिने उठल्यापासून पाच वेळा तपासली होती. घरचे याला म्हणत, पोट्टी मोठी टापटिपीची आहे.

डिंपल जन्माची भित्री. कुत्रं भुंकलं, मास्तर ओरडले, कुणी आवाज चढवला, की तिचा जीव खालीवर व्हायचा. अशा लेकराला माणसं जवळ घेतात. या घरानं काय केलं? ती रडली की बाप घनश्याम काठी दाखवायचा आणि आई तोंडावर हात दाबायची. "आवाज नाई निघाला पायजे! पोरीच्या जातीनं चूप राह्यचं!" आठ वर्षांची होईतो डिंपलनं रडणं सोडलं. मग काय विचारता! "पोरगी असावी तं अशी," वस्ती म्हणू लागली. आणि तिचा भाऊ मिथुन? भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकवायचा. तो म्हणे गरम डोक्याचा, मर्दगडी! मुलाला स्वतःवर ताबा शिकवायचा नाही आणि मुलीला भीतीसकट सगळं गिळायला लावायचं. आग लागो या वळणाला!

बाजारात डिंपलच्या छातीत धडधड सुटली. हात कापू लागले, श्वास पुरेना, आणि ती टोपलीवरच कोसळली. महिन्यात तिसऱ्यांदा. आरोग्य केंद्रात छाती तपासली, तिथे काही निघालं नाही. नर्सबाई म्हणाल्या, "हिले गडचिरोलीले मनाच्या डॉक्टरकडे न्या." घनश्याम उसळला. "माही पोरगी पागल हाय का? उद्या लग्न कोण करीन तिच्याशी?" पागल म्हणवून घ्यायची लाज, पण भूत लागलं म्हणायची नाही! त्यानं गुणवंतराव पुजाऱ्याला शनिवारी बोलावलं.

पुजाऱ्याचा कायदा ठरलेला होता. पोरीला घोंगडीखाली बसवायचं, समोर निखाऱ्यावर मिरच्या टाकायच्या, आणि हात जन्म देणारीनंच धरायचे. पोर मोठ्यानं ओरडली की बाधा निघाली. नाही ओरडली तर बाधा आत दडून आहे, धुरी वाढवायची.

कवाडं लावली गेली. धूर उठताच घनश्यामसकट सगळे खोकू लागले. घोंगडीखाली डिंपलही खोकत होती, पण ओरडत नव्हती. गोकुळाच्या मुठीत तिची मनगटं थरथरत होती.

"लय चिवट हाय," पुजारी म्हणाला. "टाका अजून."

दुसरी मूठ पडली. मनगटांची थरथर वाढली, तोंडातून आवाज नाही. तिसरी मूठ पडली. आता खोकलाही बारीक झाला, आणि मनगटं हळूहळू सैल पडू लागली.

"ओरड वो माय!" गोकुळा रडकुंडीला आली. "एकदा ओरड, म्हंजे सोडतीन तुले!"

घोंगडीतून घोगरा, विझत चाललेला आवाज आला. "बाबा मारतीन."

गोकुळानं हात सोडले आणि घोंगडी ओढून फेकली. डिंपलचे ओठ निळसर पडले होते, नजर ठरत नव्हती.

"बाई, हात धर!" पुजारी गरजला. "बाधा बोलून राह्यली थे!"

"बाधा नाई थे!" गोकुळा किंचाळली. "थे मी शिकवलं तिले! या हातानं तोंड दाबलं म्या तिचं! आन् तू त्यालेच भूत म्हणतं? चाल निंघ माह्या घरातून!" तिने निखाऱ्यांवर पाण्याची घागर उपडी केली आणि कवाड उघडलं.

"लोकं का म्हणतीन?" घनश्याम धावून आला.

"लोकायले म्हणा, पोरीच्या मयतीले येजा म्हणत होतो, पण आता नोका येऊ."

ती दुपारच्या एसटीनं लेकीला घेऊन गडचिरोलीला गेली. डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं. "भित्रा स्वभाव हा आजार नव्हे," त्या म्हणाल्या. "पण भित्र्या लेकराला धाक घातला आणि व्यक्त व्हायची सोय ठेवली नाही, तर आजाराला वाट मिळते. संयम वेगळा आणि कोंडणं वेगळं." गोकुळा खाली मान घालून म्हणाली, "म्याच कोंडलं बाई तिले." डॉक्टरीणबाईंनी तिची समजूत काढली नाही. औषध दिलं, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं, आणि बापाला नि भावालाही घेऊन या म्हणाल्या. बाप आजवर गेलेला नाही. मिथुन एकदा गेला, दारातून परत आला.

डिंपल खडखडीत बरी झाली, असं मी खोटं सांगणार नाही. बाजारात अजून घाबरते. वस्तीनं गोकुळाशी बोलणं टाकलं आहे. आणि गुणवंतरावाचा धंदा? जोरात आहे, का नसावा? तुम्हीआम्ही आहोत ना त्याला गिऱ्हाईक पुरवायला! गप्प पोरीची वाहवा करणाऱ्यांनीच त्याच्या निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आहेत.

परवा वस्तीतल्या रीताच्या घरून मिरचीचा वास आला. तिची नऊ वर्षांची पोर झोपेत दचकते म्हणून पुजारी आला होता. गोकुळानं हातातलं जाळं टाकलं आणि निघाली. मागे पाहते तर डिंपल. घराची कडी दोनदा ओढून पाहत होती, घाम फुटला होता.

"तू राह्य घरी माय," गोकुळा म्हणाली. "तुले भेव लागते."

"लागते," डिंपल म्हणाली, "चाल."

दोघींनी मिळून रीताच्या घराचं कवाड ठोठावलं.