जागचं हलायचं नाही

गर्दीत चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. नियम बायकोचा. मी आणि आमची मुलगी भिंगरी, आम्ही जिथल्या तिथे थांबायचो आणि ती येऊन आम्हाला गोळा करायची. "एक नाही, दोन पोरं सांभाळते मी," म्हणायची.

ती गेल्यावर भिंगरीने मला पहिल्यांदाच बाहेर काढलं. मैदानावर गाण्याचा कार्यक्रम होता. "चला बाबा, घरात बसून बुरशी येईल तुम्हाला."

गायक स्टेजवर आला आणि मागून लोंढा आला. भिंगरीचा हात सुटला, ती पुढे ओढली गेली. फोन लागेना. मी दिव्याच्या खांबाला पाठ लावून उभा राहिलो, नियमाप्रमाणे. पुढे माणसं एकदम डावीकडे कलत होती, एकदम उजवीकडे. आपल्या पायांवर कोणीच नव्हतं. "मागे सरका, श्वास कोंडतोय!" कोणीतरी ओरडत होतं. गाणं चालूच.

मी वाट बघत होतो. कुणाची, ते आत्ता ध्यानात आलं. येणारी आता येणार नव्हती. आणि भिंगरी पुढे तशीच थांबली असणार.

मी खांब सोडला. बरगड्यांना जागा राहावी म्हणून हात छातीपुढे धरले. रेटा आला की त्याच्याबरोबर जायचं, सैल पडला की तिरकं पुढे सरकायचं. एक चप्पल गेली. वाकलो नाही.

"काका, आत कुठे मरायला निघालात?"

"मुलगी आहे माझी."

त्या माणसाने खांदा वळवून वाट दिली.

भिंगरी स्टेजपुढच्या कठड्याला दाबली गेली होती. ओठ पांढरे. "मी हलले नाही, बाबा."

"आता हल. हात छातीशी घे. मागे नाही, कडेला जायचं."

रेटा सैल पडेल तसे आडवे सरकत आम्ही कुंपणापर्यंत आलो. स्वयंसेवकांनी तिला उचलून पलीकडे घेतलं, मग मला. ती गवतावर बसून नुसती श्वास घेत राहिली.

"पुढच्या वेळी," मी म्हटलं, "आत शिरायच्या आधीच बाहेरची एक जागा ठरवू. चुकलो तर दोघांनी तिथे यायचं."

"म्हणजे कोणी शोधायला यायचं नाही?"

"नाही."

तिने माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं. मग आपली ओढणी काढली आणि पायावरचं रक्त पुसू लागली.