नावावर एक पुस्तक

मुलीने ओळखपत्र काचेखालच्या फटीतून आत सरकवलं आणि जुळवणीकाकांनी ते यंत्रावर टेकवलं. लाल दिवा लागला. त्यांनी ओळखपत्र शर्टाच्या बाहीला पुसून पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. पडद्यावर एकच ओळ उमटली. ती वाचून त्यांनी पडदा हलकेच आपल्याकडे वळवून घेतला.

"मला ठाऊक आहे काय लिहिलंय ते," मुलगी म्हणाली. "सकाळी इस्पितळाच्या दारावर वाचलं मी. मयत."

तिच्या मागे तिची आई उभी होती. शिवणकाम करणारी बाई. शिवणयंत्रावरून उठून तशीच आली असावी, कारण मोजायची टेप अजून गळ्यात होती आणि पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. परिचारिकेच्या शेवटच्या परीक्षेचा अर्ज आज पाचला बंद होत होता आणि परीक्षा मंडळाच्या यंत्राच्या मते ही मुलगी चोवीस दिवसांपूर्वी वारली होती. अर्ज राहिला की वर्ष गेलं.

काकांनी दोघींना आत बोलावून बाकावर बसवलं.

विद्यापीठाच्या ओळख कक्षात ते एकोणीस वर्षं होते. काम सांगायला सोपं. इस्पितळ, ग्रंथालय, परीक्षा मंडळ, सरकारी नोंदणी कार्यालय, यांतलं कुणीच विद्यार्थ्याला स्वतः ओळखत नसे. विद्यापीठाने "ही आमची" एवढं म्हणायचं, की त्या शब्दावर सगळ्यांची दारं उघडत. विद्यापीठाने शब्द मागे घेतला की सगळी एकदम बंद. दर तासाला एक फेरी निघायची. तासाभरात इकडे जे बदललं असेल ते सगळ्या कार्यालयांना कळायचं आणि त्यांची पोच यायची. या सगळ्यात काकांचं खास काम म्हणजे एकाच माणसाची चुकून दोन खाती झालेली शोधायची आणि जोडून एक करायची. त्यातूनच त्यांचं नाव पडलं. लग्नं जुळवता की काय, अशी थट्टा कक्षात रोज व्हायची आणि काका रोज हसायचे.

हसण्यासारखं तिथे पुष्कळ होतं. नियमच असे एकेक. ज्याच्या नावावर ग्रंथालयाचं पुस्तक आहे त्याचं खातं बंद करता येत नाही, हा त्यांतला सगळ्यांत जुना. भूगोलाचे एक प्राध्यापक देवाघरी गेल्यावर अकरा वर्षं विद्यापीठाच्या यादीत ठणठणीत होते, कारण नकाशांचा एक जाडजूड ग्रंथ त्यांच्या माळ्यावर राहिला होता. दर वर्षी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छाही जायच्या. नवीन माणूस कक्षात आला की काका त्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगत.

या मुलीच्या नावावर मात्र पुस्तक नव्हतं. नोंदणी कार्यालयाकडून मृत्यूची सूचना आली, खात्याशी जुळली आणि खातं निमूट बंद झालं. काकांनी सूचना उघडली. जन्मतारीख तीच, आईबापांची नावं तीच, पत्ता तोच.

"पण हे नाव तुझं नाही," ते म्हणाले.

"ताईचं आहे."

"मोठी बहीण?"

"सात मिनिटांनी मोठी."

आईने टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. मग मुलीनेच सांगितलं. दोघी एकाच वर्गात, एकाच इस्पितळात. वॉर्डातून आणलेला ताप ताईला नऊ दिवसांत घेऊन गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कपाळावर हात ठेवायला शिकलो, पण तिच्या कपाळाला हात लावला की चटका बसायचा, असं ती म्हणाली.

काकांनी खात्याची मागची पानं उघडली. एका खात्याखाली दुसरं झाकलेलं होतं. दोन वर्षांपूर्वीची जोडणी. जोडणारा: ४१७.

त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या बिल्ल्याकडे गेला.

आता त्यांना सगळं आठवलं, आणि फार नीट आठवलं. तारीख, पत्ता, आईबाप एक, फोटोही एक. नावं तेवढी दोन. एक दाखल्यावरचं असेल, एक घरातलं, असं म्हणून त्यांनी जोडून टाकलं होतं. आठवड्याने एक मुलगी खिडकीशी आली होती. माझं खातं गेलं म्हणाली. गेलं नाही बाळ, तुझी दोन झाली होती, एक केलं, असं त्यांनी समजावलं. पण आम्ही दोघी आहोत, ती म्हणाली. आणि काकांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. मला तर एकटीच दिसतेस, असं ते हसून बोलले होते. रांगेत मागे वीसेक जण ताटकळत होते. तीही हसली आणि गेली. दुपारच्या चहाला त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला होता.

"मग दोन वर्षं काय केलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"माझंच वापरायची ती. आमचं काय, दप्तरापासून सगळं सामाईकच. ती म्हणायची, जाऊ दे, एका दारातून दोघी जाऊ."

कक्षाच्या मोठ्या बाई एवढ्यात आल्या. वाईट बाई नव्हत्या, पण त्यांच्या टेबलावर कायम दहा माणसांचं काम असे. त्यांनी उभ्या उभ्या पडदा वाचला, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उपाय सांगितला. हे खातं पुन्हा चालू करा. सूचना नोंदणी कार्यालयाकडे परत पाठवा, अशी व्यक्ती आमच्याकडे नाही म्हणून. पाच मिनिटांचं काम. मुलीचा अर्ज जाईल, बाकीचं सावकाश बघू.

"नाही कशी?" आई पहिल्यांदाच बोलली. आवाज चढलेला नव्हता. "दोन वर्षं तुमच्याकडे होती ती. तुमच्याच इस्पितळात रात्रपाळ्या केल्या तिने. तुमच्याच पलंगावर गेली."

मोठ्या बाईंनी मुलीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग त्या काकांना म्हणाल्या, पाचच्या आत होतं का बघा, आणि कुणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेल्या.

जोडलेलं उकलायची सोय होती. एकोणीस वर्षांत काकांनी ती कधी वापरली नव्हती, कारण आपली जुळवणी चुकत नाही हा त्यांचा लौकिक होता. उकलायचं तर कारण लिहावं लागे. त्यांनी लिहिलं: माझी चूक. मग ते पुसून कार्यालयीन भाषेत लिहिलं. मग तेही पुसलं आणि पहिलंच पुन्हा लिहिलं.

पडदा त्यांनी दोघींच्या दिशेने वळवला. जोडणाऱ्याच्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने गळ्यातला बिल्ला उचलून धरला. मुलगी एकदा पडद्याकडे, एकदा बिल्ल्याकडे बघत राहिली.

"ती आली होती माझ्याकडे," काका म्हणाले. "सांगितलं होतं तिने. मी हसलो."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. शिवायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं, खांद्यापासून मनगटापर्यंत.

"सुईणीलाही वाटलं होतं एकच आहे," ती म्हणाली. "हात धुवायला उठली होती ती. करा तुम्ही काय ते."

तीनच्या फेरीत दोन खाती निघाली. ग्रंथालय: मान्य. इस्पितळ: मान्य. परीक्षा मंडळ: मान्य. प्रत्येक कार्यालयाची दोनदा पोच आली. धाकटीचं ओळखपत्र यंत्रावर टेकवलं, दिवा हिरवा झाला. तिने श्वास सोडला, पण डोळे पडद्यावरून हलेनात. खाली दुसरा फोटो होता. झाकलेलं खातं ज्या दिवशी झाकलं, तसंच्या तसं वर आलं होतं: विद्यार्थिनी, पहिलं वर्ष, चालू.

"हे असं का दाखवतंय?"

काकांनी सांगितलं की यंत्राला दोन वर्षांतलं काही ठाऊक नाही. मृत्यूची सूचना आता या खात्याला हाताने लावायची, तारीख भरायची. चारच्या फेरीत ती सगळीकडे जाईल.

"म्हणजे चारपर्यंत आहे ती."

"यादीत," काका म्हणाले. "हो."

मुलगी उठली. अर्ज भरायला समोरच्या इमारतीत जायचं होतं. दारापर्यंत गेली, परत आली आणि आईच्या गुडघ्याशी वाकली.

"तू बस इथेच. तिच्यापाशी कुणीतरी असायला हवं."

ती गेल्यावर काकांना काय करावं सुचेना. त्यांनी चहा मागवला, तो निवत राहिला. आई खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ बसली होती. फोटोतल्या मुलीच्या कॉलरचं एक टोक वळलं होतं. आईने पदराने पडद्यावरची धूळ पुसली. टोक काही सरळ झालं नाही.

साडेतीनच्या सुमाराला खात्यावर एक निरोप आला. काकांनाच तो आधी समजला नाही. ग्रंथालयाचा होता. आपण मागणी नोंदवलेलं पुस्तक आपल्यासाठी राखून ठेवलं आहे, सात दिवसांत घेऊन जावं. मागणी दोन वर्षांपूर्वीची होती. पुस्तक तेव्हा बांधणीला गेलेलं. ते परत आलं तोवर मागणाऱ्याचं खातं झाकलं गेलं होतं आणि मागणी तिथेच अडकून पडली होती. खातं उघडलं तशी तीही मोकळी झाली.

"अभ्यासाचं असेल," आई म्हणाली.

काकांनी नाव वाचलं. मग पडदा तिच्याकडे केला, कारण ते त्यांना मोठ्याने म्हणवेना. पुरुषांच्या कोटाची बेतणी, आकृत्यांसह.

आईने पुस्तकाचं नाव वाचलं. टेप दोन्ही टोकांना धरून ओढत राहिली, जणू काही मोजायचं होतं. पुष्कळ वेळाने, काकांना नाही, पडद्यालाच सांगितल्यासारखं ती म्हणाली की कोटाची कामं आपण परत पाठवायचो. खांदा बसत नसे. एकदा एका गिऱ्हाइकाने सगळ्यांदेखत कोट टाकून दिला होता, तेव्हा पोरी दोघी दारात उभ्या होत्या. त्यांच्या लक्षात असेल असं तिला वाटलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार व्हायला आले होते. काकांनी मृत्यूची सूचना कागदावर छापून समोर ठेवली. तारखेचा रकाना रिकामा होता. त्यांनी लेखणी उचलली, पण ती सूचनेवर न नेता शेजारच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर नेली. खात्याचा क्रमांक लिहिला, पुस्तकाचा लिहिला, खाली सही केली.

"घरच्या माणसाला चिठ्ठीवर देतात," ते म्हणाले. "जिना उतरून डावीकडे. पण चारच्या आत हातात पडलं पाहिजे."

आईने चिठ्ठी घेतली. का, असं तिने विचारलं नाही. चपला घालून ती झपझप निघाली. गळ्यातली टेप पाठीवर हलत होती.

काका पडद्यासमोर बसून राहिले. चारला आठ मिनिटं असताना मोठीच्या खात्यावर ओळ आली: एक पुस्तक दिले. तेव्हा त्यांनी सूचना लावली, तारीख नीट तपासून भरली आणि कळ दाबली. आपल्या कामात त्यांनी कधी कसूर केली नव्हती. यंत्राने थोडा विचार केला आणि उत्तर दिलं. या नावावर पुस्तक आहे. खाते बंद करता येत नाही. पुस्तक परत येईपर्यंत सूचना राखून ठेवली आहे.

चारची फेरी निघाली. ग्रंथालय, इस्पितळ, परीक्षा मंडळ. चालू, चालू, चालू.

पाचला थोडा अवकाश असताना दोघी आल्या. अर्ज गेला होता, धाकटीच्या हातात पावती होती. आईने पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. तिने ते टेबलावर ठेवून मागचं पान उघडलं. तिथे तारखांचा कागद डकवला होता. कागदावर फार थोडे शिक्के होते आणि शेवटचा आजचा.

"हे परत कधी करायचं?"

"एकवीस दिवसांनी," काका म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तेव्हा घेऊन या इथे. मुदत वाढवून मिळते."

"किती वेळा?"

"दुसऱ्या कुणी मागितलं नाही तोवर."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चार कधीच वाजून गेले होते. तिने काही विचारायला तोंड उघडलं आणि आईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"कोट हल्ली शिवतंय कोण," आई म्हणाली. गळ्यातली टेप काढून तिने तिची लहान घडी केली, पहिल्या आकृतीपाशी खूण म्हणून ठेवली आणि पुस्तक मिटलं.