उरलेली मुलगी

निरुपमाबेनच्या कारेलीबागेतल्या क्लासमध्ये भागाकार फळ्यावर शिकवत नसत. बेन गोष्ट सांगायच्या: दहा मुलं स्टेशनवरून घरी निघाली, आणि एका रिक्षात तिघंच मावतात. मग खुर्च्यांच्या रिक्षा व्हायच्या, मुलं बसायची, आणि जे एक उरेल ते भिंतीशी उभं राहायचं. त्याचं नाव बाकी.

बाकी रोज ओवीच व्हायची. सात वर्षांची पोर, कधी रडायची नाही.

महिन्याभरात सोसायटीतली मुलंही तिला बघून ओरडायला लागली, "बाकी आवी! बाकी आवी!" म्हणजे बाकी आली. ओवीची आई, कोमल, हसून सोडून द्यायची. पण शेजारच्या उत्कर्षच्या वाढदिवसाला केक कापताना ओवी कुठे दिसेना. दाराबाहेर चपलांपाशी ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आत चल ना."

"सगळे बसू देत. मी उरलेली आहे."

दुसऱ्या दिवशी कोमल क्लासला गेली. "रोज हिलाच का, बेन?"

"दुसऱ्या कोणाला उभं केलं की त्याची आई भांडायला येते," निरुपमाबेन शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही महिनाभर आला नाहीत."

"आता आलेय."

"बरं." बेन मुलांकडे वळल्या. "आज बाकी कोण होणार रे?"

नऊ बोटं ओवीकडे वळली. ओवीने आपलंही बोट आपल्याच छातीवर ठेवलं.

घरी कोमलने नवऱ्याला सगळं सांगितलं. अनिशने ओवीची शाळेची वही चाळली. "एकही भागाकार चुकलेला नाही. परीक्षेपर्यंत राहू दे." त्याने असंच म्हणावं, हे कोमलला मनातून हवंच होतं.

सोमवारी तिने ओवीला स्कूटरवरून क्लासला सोडलं. "तू सांगितलंस ना बेनना?" ओवीने वाटेत विचारलं.

"सांगितलं."

परीक्षेत ओवीला पैकीच्या पैकी मिळाले. त्याच आठवड्यात क्लासमधला हार्दिक घर बदलून हरणीला गेला आणि त्याच्या जागी अवंती आली, जेमतेम सहाची. बेननी ओवीच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! बक्षीस म्हणून आज बाकी तू निवडायची."

ओवीने क्षणभरही विचार केला नाही. अवंतीचं मनगट धरून तिला भिंतीशी नेलं. खेळ समजून अवंती हसत होती.

"हसायचं नाही," ओवी म्हणाली. "आणि बसायचं पण नाही."

अवंतीचे ओठ थरथरले. तोवर ओवी पहिल्या रिक्षात मधल्या खुर्चीवर जाऊन बसलीही होती.

कोमल दारातून बघत होती. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. भिंतीशी उभी असलेली मुलगी कोणाची, हे तिने विचारलं नाही. स्कूटर काढून ती भाजी घ्यायला निघून गेली.