चहाआधीचा तास

डॉ. गौरवीने केसपेपरवरच्या गोळीच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि पेनाचं टोपण लावलं.

"यशोदाकाकी, थायरॉइडचा रिपोर्ट छान आलाय. गोळी बंद!"

दुसरी कुणी असती तर आरोग्य केंद्रात पेढे वाटले असते. यशोदाचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"बाय, अर्धी तरी ऱ्हांव दी."

"अहो, लोक गोळ्या सुटाव्यात म्हणून नवस बोलतात! दोन वर्षांपूर्वी आकडा जरासाच वर होता, अंगात सुस्ती होती, म्हणून दिली. आता गरज दिसत नाही. उगाच चालू ठेवली तर या वयात छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

यशोदा हातातल्या पिशवीचे बंद पिळत बसून राहिली. हाडांची तिला काळजी नव्हती. जीव अडकला होता तो सकाळच्या तासात.

तिचा नवरा कृष्णनाथ पाळी गावच्या खाणीवर टायमकीपर होता. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला हे लिहिण्यात त्याची तीस वर्षं गेली. घरी तो प्रत्येक शब्दाला रेशनकार्ड लागत असल्यासारखा बोलायचा. "जेवण?" "भायर चल्लंय." संपलं. खाण बंद पडून तो घरी बसला, तेव्हा आता तरी हा माणूस तोंड उघडेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र उघडलं, आणि ते दुपारपर्यंत मिटलं नाही.

मग ही गोळी आली. गळ्याचा आजार म्हटल्यावर यशोदा इतकी घाबरली होती, की डॉक्टरीण काय बोलली यातलं अक्षरही तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. घरी कृष्णनाथने चष्मा लावून तो इंग्रजी कागद वाचून दाखवला. "उठल्याबरोबर गोळी. मगे एक तास च्या ना." आणि वर म्हणाला, "तू उपाशी आणि मी च्या पिऊ? बरां दिसता?"

दुसऱ्या सकाळी दोघंही दारातल्या दगडी सोप्यावर येऊन बसली. चहाशिवाय तासभर दोन माणसं करणार काय? पहिल्या दिवशी मांजरावर बोलणं झालं. आठवड्याने खाणीच्या भोंग्यावर. महिन्याने त्याने कबूल केलं, की लग्नाआधी तिला पुन्हा एकदा बघायला म्हणून तो हळर्णला तिच्या माहेरच्या दारात आला होता, 'पाडा विकूचो आसा?' असं विचारत. गोठ्यातला गोऱ्हा कुणाच्या बापाला हवा होता! हसता हसता यशोदाला ठसका लागला होता. अडतीस वर्षं संसार झाला, पण नवरा तिला भेटला तो या दोन वर्षांत. आता गोळी नाही म्हणजे उठल्याबरोबर चहा, आणि चहा आला की वर्तमानपत्रही आलंच.

"आणि बाय," तिने जाता जाता विचारलं, "गोळी नाय, मगे तो तासय नाय?"

"कसला तास?"

"गोळी घेतली की तासभर च्या घेवची नाय, तो."

गौरवीने कागद पुन्हा पुढे ओढला. "तास? मी तर अर्धाच तास लिहिलाय. हे बघा ना, हाफ अवर. तुम्हाला तास कुणी सांगितला?"

यशोदाने त्या इंग्रजी अक्षरांकडे पाहिलं. तीस वर्षं लोकांची मिनिटं मोजलेला माणूस अर्ध्याचा पूर्ण वाचेल? तिला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले.

"कोणी नाय गो बाय," ती म्हणाली. "माझ्याच आयकण्यात चूक झाली."

घरी कृष्णनाथ सोप्यावर वाट बघत बसला होता.

"काय म्हणाली?"

"गोळी बंद."

त्याने चष्मा काढून धोतराला पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"बरां झाला," तो म्हणाला. कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात.

यशोदा त्याच्या शेजारी टेकली आणि तिने कागद त्याच्या हातात दिला. "पण सकाळची च्या तासाभरानच घेवची, असा सांगल्यान. लिवलेला आसा. वाचा."

कृष्णनाथने चष्मा चढवला. कागदावर एक खोडलेली ओळ होती, आणि खाली तारीख. त्याने तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, मग उलटून कोरी बाजूही पाहिली.

"होय," तो म्हणाला. "एक तास." आणि कागदावरची नजर न काढता पुढे वाचलं, "दोघांनीय."