पहिल्या धड्यातली चूक

सगळे धडे क्लेअरनेच लिहिले, असं अनिरुद्धने पडद्यावरच्या हेलनबाईंना गोड इंग्रजीत सांगितलं. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या सत्यशीलाबाईंकडे हात करून म्हणाला, की या मॅडमनी टायपिंगला मदत केली.

सत्यशीलाबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. आवाज होऊ दिला नाही. दोन महिने त्या अशाच वाक्याची वाट बघत होत्या, फक्त 'टायपिंग' हा शब्द त्यांनी धरला नव्हता. तो फुकटच पदरात पडला.

क्लेअर नावाची बाई जगात नव्हतीच. इंग्रजी बोलणाऱ्यांना फ्रेंच शिकवणारी ही वेबसाइट अनिरुद्धने येरवड्यातल्या याच ऑफिसात अकरा वर्षांपूर्वी काढली. पुण्याच्या सत्यशीला भागवतांकडे फ्रेंच शिकायला लंडन-टोरांटोचं कोण येणार, म्हणून एक विकतचा फोटो लावला. सोनेरी केस, गळ्यात स्कार्फ, खाली नाव क्लेअर आणि गाव फ्रान्समधलं लिओं. त्या फोटोमागे बसून, रोज कात्रजहून दोन बस बदलून येणाऱ्या सत्यशीलाबाईंनी दोनशे बारा धडे लिहिले. शिकणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरंही त्याच लिहायच्या आणि खाली सही करायच्या, 'तुमची क्लेअर'.

अनिरुद्ध त्यांचा कॉलेजातला विद्यार्थी. तोंडी परीक्षेत याला घाम फुटायचा आणि बाई पाणी द्यायच्या. पण तो साहेब झाल्यावर बाईंनी त्याला अहोजाहो सुरू केलं आणि अकरा वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. दोन महिन्यांपूर्वी त्याने त्यांना घरी बसवलं. धडे तयार आहेत, आवाज आता मशीनच देतं, असं म्हणाला. बाईंनी एकच गोष्ट मागितली होती, धड्यांखाली आपलं नाव. तो हसला होता. लोकांना क्लेअर आवडते मॅडम, म्हणाला होता.

ते हसणं बाईंनी घरी नेलं आणि बरणीत घालून मुरत ठेवलं.

आता लंडनची एक प्रकाशन कंपनी वेबसाइट घ्यायला निघाली होती. तिच्या हेलनबाईंनी मध्येच फ्रेंचमध्ये काही विचारलं तर तोंड उघडायला कुणीतरी हवं, म्हणून अनिरुद्धने स्वतः फोन करून बाईंना एका दिवसापुरतं बोलावलं. बाई गरीब स्वभावाच्या आहेत, ही त्याची अकरा वर्षांची समजूत. बाईंनी होकार दिला आणि साडीला इस्त्री केली.

"एक विनंती आहे," त्या हेलनबाईंना म्हणाल्या. "पहिला धडा उघडता येईल का?"

पहिल्या धड्यात मारी नावाची बाई पॉलकडे जेवायला येते. जेवण होतं, गप्पा होतात, मारी बूट घालून दारात उभी राहते आणि म्हणते, "झ व्हियाँ." फ्रान्समध्ये निघताना असं म्हणतात का, असं बाईंनी विचारलं. हेलनबाईंनी चष्मा सारखा केला. हे आपल्यालाही खटकलं होतं, असं त्या म्हणाल्या. निघणारा माणूस 'झी व्हे' म्हणतो, मी जातो. 'झ व्हियाँ' म्हणजे मी येते. निघालेली बाई मी येते कशाला म्हणेल?

"टायपिंगची चूक असेल," अनिरुद्ध घाईने म्हणाला.

"सुरुवातीच्या चाळीस धड्यांत चाळीस निरोप आहेत," बाई म्हणाल्या. "चाळीसही ठिकाणी हेच आहे. लिओंमध्ये वाढलेली क्लेअर चाळीस वेळा चुकली?"

ही चूक बाईंना पाच वर्षांपूर्वीच कळली होती. लीड्सच्या एका निवृत्त पोस्टमनने क्लेअरला पत्र लिहिलं होतं. तो पॅरिसला कुणाकडे जेवला, दारात 'झ व्हियाँ' म्हणून बाहेर पडला, आणि यजमान बिचारे दार उघडं धरून हा परत येईल म्हणून थांबले. त्याला गंमत वाटली होती. बाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तीस वर्षं फ्रेंच शिकवून आपण असं लिहावं! त्यांनी दुरुस्ती करू म्हटलं, तर अनिरुद्ध म्हणाला, राहू द्या, कोण बघतंय. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मात्र दुरुस्ती त्यांच्या हातात होती. पहिला धडा उघडलाही होता. मग त्यांनी तो तसाच बंद केला.

आता त्यांनी ती लाज स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली. आमच्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, त्यांनी हेलनबाईंना सांगितलं. जाते म्हणणारं माणूस परत येत नाही असं मानतात, म्हणून 'येते' म्हणतात. लिहिताना माझी मारी मराठीतच उठली आणि मराठीतच निघाली, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. फ्रेंच बाई ही चूक जन्मात करणार नाही.

"ती चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि धडेही."

हेलनबाईंनी अनिरुद्धला साध्या फ्रेंचमध्ये विचारलं, की हे खरं आहे का. त्याला प्रश्नच समजला नाही. सवयीने त्याने बाईंकडे पाहिलं. या वेळी बाईंनी पाणी दिलं नाही. मग हेलनबाई इंग्रजीत बोलल्या, आणि थोडक्यात बोलल्या. व्यवहार थांबला. हक्क कुणाचे ते ठरेपर्यंत धडे बंद ठेवा, नाहीतर हे प्रकरण वकिलांकडे जाईल. पडदा काळा झाला.

अनिरुद्धने संध्याकाळपर्यंत दम धरला नाही. तिथेच, बाईंच्या समोर, धडे बंद केले. दोनशे बारा ओळींची यादी एका बोटाने राखाडी झाली.

"काय मिळवलंत मॅडम?" तो म्हणाला. "तुमचेच धडे होते ना? तुमचेच बंद पडले."

"माझे," बाई म्हणाल्या. "म्हणालास एकदाचा."

तो 'तू' त्याला कळला. बाईंना तो इतका गोड लागला, की वेबसाइट गेल्याचं दुःख पोचायला थोडा वेळ लागला. ते बाहेर चपलांच्या कपाटापाशी पोचलं. शेवटच्या पत्राप्रमाणे लीड्सच्या पोस्टमनचा एकेचाळिसावा धडा अर्धाच झाला होता, आणि त्याला ते कळवायला आता क्लेअर नव्हती.

दुर्गाबाई जिना पुसत होत्या. अकरा वर्षं रोज सहा वाजता बाई त्यांना 'येते' म्हणून निघायच्या आणि त्या 'या बाई' म्हणायच्या.

"जाते, दुर्गाबाई."

दुर्गाबाईंचा हात थांबला. "असं नाय म्हनू बाई. येते म्हनावं."

"नाही," सत्यशीलाबाई चपलेचा पट्टा लावत म्हणाल्या. "या वेळी बरोबर म्हटलंय."

जिना ओला होता. त्या कडेकडेने, दुर्गाबाईंनी पुसलेल्यावर पाऊल उमटू न देता, खाली उतरल्या.