‘चांगले होते’चं जपानी

जपानीत विशेषणालाही भूतकाळ असतो, हे रश्मीला पहिल्या महिन्यात पटतच नव्हतं.

“म्हणजे मॅडम, गोड होतं असं नाही म्हणायचं? गोडालेच भूतकाळ लावायचा?”

“हो. शेवटचा ई काढ, कात्ता लाव,” ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. “ओइशीई म्हणजे चविष्ट. ओइशिकात्ता, चविष्ट होतं. एकच शब्द आडवा जाते. ई म्हणजे चांगलं, त्याचं होते योकात्ता.”

रश्मी भातकुलीची, नर्सिंग झालेली. वडील देवानंद एसटीत कंडक्टर होते, धारणीच्या गाडीवर. लकवा मारला आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळले. गेल्या वर्षी मार्चात गेले. मग ती अमरावतीला जपानीच्या क्लासला यायला लागली. जपानमधल्या वृद्धाश्रमांना मुली हव्या होत्या.

तिथल्या एका वृद्धाश्रमाची मुलाखत क्लासमध्येच, ऑनलाइन, सकाळी अकराला झाली. पडद्यावर दोन पुरुष आणि एक वयस्क बाई. मॅडम कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेल्या. त्यांना बोलायची मनाई होती.

नाव, गाव, शिक्षण नीट पार पडलं. बाईंनी विचारलं, घरी कोण असतं? आई आणि भाऊ, रश्मी म्हणाली. आणि वडील?

“चिची वा क्योनेन नाकुनारिमाशिता.” वडील मागच्या वर्षी वारले.

बाईंनी मान लववली. रश्मीला वाटलं, एवढ्यावर थांबू नये. बाबा चांगले होते, हे सांगावं. तिने नियम आठवला आणि हसून म्हणाली, “योकात्ता देस.”

एका पुरुषाचं पेन लिहिता लिहिता थांबलं. बाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. नेट अडकलं असेल म्हणून रश्मीही थांबली, पण त्यांच्या मागचा खिडकीचा पडदा हलत होता.

तिने मॅडमकडे पाहिलं. त्यांनी वहीवर घाईघाईने लिहून वही उचलली : ‘बरं झालं, असा अर्थ होते!’

वडील वारले. बरं झालं.

हेच शब्द रुख्मिणी आत्या तेराव्याच्या आधी ओट्यावर बसून बोलली होती, “सुटला बिचारा, बरं झालं.” तेव्हापासून रश्मी तिच्याशी बोलत नव्हती. आणि आता तेच आपण हसून बोललो.

“ईये! ईये!” नाही, नाही. तिचा आवाज फाटला. “चिची वा ई हितो देशिता.” चांगले माणूस होते. “यासाशिकात्ता देस.” मायाळू होते. “वाताशी वा... कानाशिकात्ता देस.” मला वाईट वाटलं होतं. तिने ओढणीने तोंड दाबून धरलं.

बाईंनी चष्मा काढला. वडिलांची सेवा कोणी केली, हे त्यांनी सावकाश विचारलं.

“मी,” रश्मी म्हणाली. आंघोळ, जेवण, कुशीवर वळवणं, जमेल तसं सांगितलं. अवघड होतं का?

“हाय. ताइहेन देशिता.” हो, अवघड होतं. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

कॉल संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “माझंच चुकलं वं. योकात्ता शिकवला, पण माणसाले कसा लागते ते नाही शिकवलं.”

आठ दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला. तिची आई आशाबाई सगळ्यांना फोन करत सुटली.

“काय विचारलं वं तुले त्याइनं?”

“घरी कोण आहे, ते,” रश्मी म्हणाली.

जे वाक्य ती तिथं बोलून गेली, ते तिने आईला अजून सांगितलेलं नाही.