बाहेर जायची पाळी

किल्डरा गावातल्या बँकेने नफ्यातला एक वाटा गावासाठी बाजूला काढलेला असे. तो कुठल्या मंडळाला द्यायचा, हे ठरवायला गावातलीच सहा माणसं सप्टेंबरात एकदा, बँक बंद झाल्यावर, मागच्या खोलीत बसत. नियम तसे फार नव्हते, पण एक कडक होता. ज्या मंडळात आपण किंवा आपलं कुणी असेल त्याचा अर्ज निघाला की उठून खोलीबाहेर जायचं.

आता गाव एवढंसं आणि प्रत्येकाचं नाक प्रत्येक मंडळात, त्यामुळे मीटिंग म्हणजे नुसती ये-जा. कॉलिन पॅस्को अध्यक्ष खरा, पण आगीचा बंब, चर्च, फुटबॉल, सगळीकडे तो असायचाच, तेव्हा बिचाऱ्याची अर्धी मीटिंग व्हरांड्यात सिगारेट फुंकण्यात जाई. एकदा टेनिस क्लबचा अर्ज निघाला आणि खोलीत एकटी जॅनेट उरली, औषधांच्या दुकानातली, गावात नुकतीच आलेली. तिने स्वतःलाच विचारलं, स्वतःच हात वर केला आणि मग दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं. लोक अजून हसतात त्यावर.

सहांतलीच रेलीन मात्र नियमाची पक्की. बाकीचे दाराशी घुटमळत, कान देत. ती थेट स्वयंपाकघरात जायची आणि आतलं चुकूनही ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची. त्याचा तिला अभिमानही होता. का नसावा? सचोटी दाखवायला छोट्या गावात दुसरी जागा तरी कुठे असते!

गेल्या वर्षी बोलिंग क्लबने, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवत खेळणाऱ्यांच्या क्लबने, अर्ज केला होता. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन चालू करणारं यंत्र भिंतीवर लावायचं, एवढीच मागणी. ॲम्ब्युलन्स शेजारच्या गावाहून यायची आणि क्लबात सगळे साठीच्या पुढचे, तेव्हा मागणी काही वावगी नव्हती. रेलीनचा नवरा मर्व क्लबातला, म्हणून ती उठली, नळ सोडला, चहा केला. दोघं बाजूने, दोघं विरुद्ध, आणि कॉलिनने विरुद्ध मत दिलं. घरी आल्यावर मर्वने ऐकलं आणि हसला. "बरं झालं," म्हणाला. "ते भिंतीवर बघून आमच्यातल्या निम्म्यांच्या छातीत उगाच कळ आली असती."

मार्चमधल्या एका शनिवारी मर्व चेंडू टाकायला वाकला तो उठलाच नाही. पांढऱ्या कपड्यांतच हिरवळीवर पडला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याची छाती दाबत होता तो खेळ बघायला आलेला कॉलिन. घामाने निथळला, पण थांबला नाही, शेवटी लोकांनी त्याला धरून बाजूला केलं.

त्यानंतर तो रेलीनशी त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. शनिवारी यायचा, दार न वाजवता तिच्या अंगणातलं गवत कापायचा आणि निघून जायचा. ती खिडकीतून बघायची. राग यावा, निदान रडू यावं, असं तिला वाटायचं. काहीच यायचं नाही. जेवण बेचव झालं होतं आणि लोकांचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटायचं. एकच गोष्ट आत टोचत राहिली होती. मागच्या मीटिंगला आत काय बोलणं झालं? काहीतरी कारण असणारच. शहाणी माणसं उगाच नाही म्हणत नाहीत. ते कारण कळलं असतं तर निदान धरायला काहीतरी हाती लागलं असतं.

या सप्टेंबरात सगळ्यांनी तिला सांगितलं, यंदा नको येऊस. ती गेली. बशीत स्कोनचे छोटे पाव आणि मुरंबा होता, कुणी हात लावला नव्हता. पाचवा अर्ज बोलिंग क्लबचा निघाला. तेच यंत्र, फक्त या वेळी त्यावर मर्वचं नाव घालायचं होतं.

कॉलिनने घसा खाकरला. "रेलीन, क्लबचा आहे हा."

ती बसून राहिली.

"अगं, तुला बाहेर जावं लागेल. नियम तुझाच लाडका."

"राहू दे ना कॉलिन," जॅनेट हळूच म्हणाली.

"ज्याचं तिथे कुणी असेल त्याने बाहेर जायचं," रेलीन म्हणाली. हवापाण्याबद्दल बोलावं तसा तिचा आवाज होता. "माझं आता तिथे कुणी नाही."

मग तिने विचारलं, "मागच्या वर्षी मी बाहेर असताना काय बोललात तुम्ही?"

कॉलिनने जॅनेटकडे पाहिलं, मग टेबलाकडे. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, तेवढं मात्र रेलीनला ठाऊक होतं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "खरंच काही नाही. तो शेवटचा अर्ज होता, उशीर झाला होता, सगळ्यांना भुका लागल्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. आणि तुला हाक मारली."

"असं," रेलीन म्हणाली.

म्हणजे धरायला काहीच नव्हतं. सहा महिने जे शोधत होती ते त्या खोलीत कधी नव्हतंच. तिला वाटलं, आता तरी काहीतरी होईल, छातीत, घशात, कुठेतरी. झालं नाही.

कॉलिनने फाटलेल्या आवाजात मत मागितलं. सगळ्यांनी भराभर हात वर केले, तिनेही केला. एकमताने मंजूर, असं म्हणून त्याने डोळे पुसले आणि पुढचा अर्ज काढला, बालवाडीच्या कुंपणाचा. त्यावर चर्चा सुरू झाली, लाकडी की लोखंडी. रेलीनचा हात अजून वरच होता. शेवटी जॅनेटने तिचं मनगट धरून तो अलगद खाली आणला आणि टेबलावर ठेवला.